वारसा, सीमाभाग आणि लेखी हक्क

परंपरावादी राजकीय विचार आणि मानवी हक्क एकमेकांच्या विरोधात उभे आहेत, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. परंपरावादाचा जनक मानला जाणारा ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्क याने 1790 साली फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करताना मानवाच्या अमूर्त हक्कांपेक्षा पूर्वजांकडून चालत आलेले हक्क अधिक भरवशाचे मानले, हे खरे. पण भारतातल्या कंपनी सरकारच्या अन्यायाबद्दल त्या सरकारचा गव्हर्नर-जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवण्यात पुढाकार घेणारा बर्कही तोच. 1950 च्या युरोपीय मानवी हक्क कराराच्या मसुद्यातही ब्रिटनच्या परंपरावादी हुजूर पक्षाचे डेव्हिड मॅक्सवेल फाइफ यांचा मोठा वाटा होता.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा मराठी माणूस गाऱ्हाणे मांडतो, तेव्हा तो नकळत बर्कचाच युक्तिवाद करत असतो. वाडवडिलांची भाषा, घरातले मोडी कागद, देवळातले भजन, गावची मराठी शाळा, हे सारे 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेआधीपासून इथे आहे, आणि म्हणून ते राखणे हा आमचा हक्क आहे, असे तो म्हणतो. मला हे मनापासून पटते. परंतु शेजारचा कन्नड भाषिकही हलशीच्या प्राचीन कदंब राजघराण्यापर्यंत मागे जाऊन तितक्याच प्रामाणिकपणे आपला वारसा सांगतो, आणि तोही खोटा नाही. एकाच मातीवर दोन खरे वारसे असतील, तर वारसा स्वतः निवाडा करू शकत नाही. मग ज्याच्या हाती सरकार, त्याची परंपरा तेवढी राज्याची परंपरा ठरते. भाषावार राज्यांतील अल्पसंख्याकांविषयी डॉ. आंबेडकरांनी 1955 मध्येच इशारा दिला होता, तो याच धोक्याचा.

म्हणून परंपरेवर प्रेम करणाऱ्यालाच लेखी हक्कांची गरज अधिक आहे, असे माझे मत आहे. सातव्या घटनादुरुस्तीने 1956 साली राज्यघटनेत आलेले कलम 350अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीबद्दल बोलते, तेव्हा ते कोणाचा वारसा किती जुना, हे विचारत नाही. महाराष्ट्राने सीमाप्रश्नावर 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल काहीही लागो, पहिलीत बसणाऱ्या मुलाला तोवर थांबता येत नाही. कलम 350ब नुसार नेमलेला भाषिक अल्पसंख्याक अधिकारी मात्र राष्ट्रपतींना केवळ अहवाल देतो. अंमलबजावणीचा अधिकार त्याच्याकडे नाही. तो अधिकार त्याला मिळावा ही मागणी आपण करायला हवी, आणि महाराष्ट्रातल्या जत व अक्कलकोटच्या कन्नड पालकांना सोबत घेऊन करायला हवी.