तयार भिंतीत नवा पॉइंट काढताना

मुलुंडच्या आमच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनसाठी १६ अँपियरचा वेगळा पॉइंट हवा होता. भिंतीचा रंग अजून नवा होता, म्हणून इलेक्ट्रिशियन काकांना आधीच विनवलं, "काका, भिंतीची वाट लागू देऊ नका." ते म्हणाले, "मग छन्नी सगळ्यात शेवटी." या कामातली खरी गोष्ट हीच आहे, हे मला त्या दिवशी पटलं.

आधी भिंत कसली आहे ते बघितलं. ड्रिलच्या बारीक बिटाने एक भोक पाडून खाली कागद धरला. सुरुवातीला प्लास्टरची करडी भुकटी पडते, ती सोडून द्यायची. मग लाल भुगा आला, म्हणजे वीट. तिथेही करडाच येऊन बिट अडलं असतं, तर काँक्रीट समजून जागा बदलायची. कॉलम-बीमला हात लावायचाच नाही. नव्या टॉवरांत पांढुरकी मऊ भुकटी पडते, ते सिपोरेक्स, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक. ते करवतीनेही कापता येतं, पण हातोडीच्या दणक्याने त्याचे कोपरे उडतात.

जुन्या बोर्डाच्या सरळ वर-खाली वायरींचा पाइप असण्याचीच शक्यता जास्त, म्हणून ती पट्टी टाळली. भिंत साडेचार इंची, त्यामुळे पलीकडे पाठीला पाठ लावून दुसरा बॉक्स नाही ना, तेही पाहिलं. त्या भागाचा एमसीबी पाडला, टेस्टर लावून खात्री केली आणि कटरला हॉलमधून वीज घेतली.

मेटल बॉक्स भिंतीला टेकवून, लेव्हल लावून पेन्सिलने चौकट आखली. बॉक्सभोवती थोडी जागा जास्त ठेवली. आता कटर. त्याची चकती गोल असते. कोपऱ्यात पूर्ण खोलीवर कापायला गेलं की चीर चौकटीबाहेर पळते आणि ती पुट्टीखालूनही डोकावत राहते. म्हणून काकांनी चारही कोपऱ्यांत ड्रिलने भोकं पाडली, चीर कोपऱ्याच्या अलीकडेच थांबवली, मग आतली वीट भोकं पाडून पोकळ केली. एवढं झाल्यावर छन्नी हलक्या हाताने आतल्या बाजूला चालवली. कडेचं प्लास्टर शाबूत राहिलं. छतापर्यंतची झरी, म्हणजे वायरींच्या पाइपासाठीची खाचही तशीच, दोन समांतर चिरा मारून मधला भाग काढला.

धूळ मात्र भयंकर. विटा-प्लास्टरची ही बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क हवाच. व्हॅक्यूमची नळी मी चकतीलगत धरून उभा होतो.

बॉक्स बसवताना वीट ओली केली, बॉक्समध्ये कागद कोंबले आणि सिमेंट-वाळूच्या मसाल्यात त्याची कड प्लास्टरच्या बरोबरीत आणली. बॉक्स आत गेला तर प्लेटचे स्क्रू पोचत नाहीत, बाहेर राहिला तर प्लेट टेकत नाही. झरीवर मसाल्याआधी जाळी ठोकली, म्हणजे पुढे तडा जात नाही. काही दिवस पाणी मारलं, मग पुट्टी. वायर ४ चौरस मिमीची ओढली आणि प्लग लावण्याआधी अर्थिंग तपासून घेतलं. रंग मात्र अख्ख्या भिंतीला द्यावा लागला, कारण तेवढाच तुकडा रंगवला की तो वेगळा दिसतोच.