बांबूच्या वनातला उजेड
किंग हू यांचा ‘अ टच ऑफ झेन’ हा तैवानी तलवारपट मी प्रथम एका जुन्या डीव्हीडीवर पाहिला, आणि खरे सांगायचे तर तेव्हा तो निम्माच पाहिला, कारण पडक्या गढीतील रात्रीच्या प्रसंगांत माणसे, गवत आणि भिंती यांचा एकच काळपट लगदा झाला होता. चीनमधील मिंग राजवटीच्या काळातील या सुमारे तीन तासांच्या कथेत पहिली खरी चकमक घडेपर्यंत जवळजवळ तासभर जातो. त्या तासाभरात दिग्दर्शक धुके, कोळ्याची जाळी आणि सावल्या यांतूनच भय उभे करतो, त्यामुळे सावलीतले बारकावे हरवले की चित्रपटच हरवतो.

नायिकेची भूमिका करणाऱ्या शू फेंग यांच्याच आर्थिक साहाय्याने झालेले 4के, म्हणजे अतिसुस्पष्ट चित्राचे, पुनरुज्जीवन 2016 मध्ये ब्लू-रेवर आले, तेव्हा हा दोष दूर झाला. बांबूच्या वनातील प्रसिद्ध द्वंद्व तर मला नव्यानेच दिसले. पानांतून तिरपे उतरणारे ऊन, क्षणार्धात बदलणारी दृश्ये आणि उंचावरून झेपावणारी योद्धी हे सारे आता स्वच्छ दिसते, शिवाय फिल्मचा मूळ कणीदारपणा पुसून चेहरे मेणासारखे गुळगुळीत करण्याचा मोह टाळलेला आहे. ध्वनी मात्र एकमार्गीच (मोनो) असून काहीसा किरटा वाटतो. मला तो तसाच आवडतो.

1975 मध्ये फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला तांत्रिक गुणवत्तेचा पुरस्कार का मिळाला असावा, हे त्या डीव्हीडीवरून मला कधीच उमगले नसते.