आधी गळती शोधा, खरेदीचं नंतर बघू

घरात पर्यावरणासाठी काहीतरी करायचं मनात आलं की बहुतेक जण आधी खरेदीला निघतात. बांबूचे ब्रश, एकसारख्या काचेच्या बरण्या, नव्याकोऱ्या कापडी पिशव्या. मला हे मनापासून खटकतं. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ मध्ये पिशव्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. पातळ प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करायला साधी सुती पिशवी नुसत्या हवामानाच्या हिशेबाने सुमारे ५० वेळा वापरावी लागते आणि इतर सगळे परिणाम धरले तर सुमारे ७,००० वेळा. समुद्रात आणि रस्त्याकडेला साचणाऱ्या प्लॅस्टिकचा हिशेब त्यात नाही, त्यामुळे प्लॅस्टिक चांगलं असा अर्थ कुणी काढू नये. मी त्यातून इतकंच घेतलं की कपाटात आधीपासून असलेली पिशवी शिवून, डागडुजी करून, पार विरेपर्यंत वापरायची.

म्हणून माझ्या घरी पहिला मान गळक्या नळाला. एक मिलिलिटर पाण्याचे साधारण २० थेंब होतात. सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं, वर्षाला दीड हजार लिटर. आणि दुरुस्ती किती सोपी! जुन्या फिरकीच्या नळात बहुतेक वेळा आतला रबरी वॉशर झिजलेला असतो. मुख्य कॉक बंद करायचा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्यायचं, पान्याने वरचा भाग सोडवायचा, जुना वॉशर काढून त्याच मापाचा नवा बसवायचा. सुट्टे भाग कुठे घरंगळू नयेत म्हणून मी आधी बेसिनच्या भोकावर फडकं टाकते आणि भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ओळीत मांडते.

फ्लशची टाकी मात्र आवाज न करता गळते, म्हणून ती मला जास्त घातक वाटते. टाकीत खाण्याच्या रंगाचे थोडे थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. खाली भांड्यात रंग उतरलेला दिसला, तर टाकीच्या तळाची रबरी झडप नीट बसत नाही. तिच्यावरचे क्षार पुसून बघा. तरीही रंग उतरत असेल तर झडप बदला.

दिव्यांबद्दल फार लिहीत नाही. ६० वॉटच्या जुन्या बल्बचं काम साधारण ९ वॉटचा एलईडी करतो, ज्यांनी अजून बदलले नसतील त्यांनी बदलावेत.

माझा सगळ्यात जास्त जीव आहे तो खताच्या डब्यात. ओला कचरा कचराभूमीत दाबला गेला की आत हवा पोचत नाही. मग हवेशिवाय जगणारे सूक्ष्मजीव तो कुजवतात आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट तापमानवाढ करतो. भाज्या-फळांच्या त्याच साली, तेच देठ घरी हवेशीर कुजले, तर हाती खत येतं. एवढा मोठा फरक केवळ हवेने पडतो, आणि ती द्यायला आपल्याला फक्त भोकं पाडायची आहेत.

कुठलाही झाकणाचा जुना प्लॅस्टिक डबा घ्या. तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, दोन विटांवर ठेवा, खाली ताटली. तळाशी काटक्यांचा थर घाला, त्यावर सुका पालापाचोळा. त्यानंतर ओला कचरा पडला की त्याच्या दुप्पट सुका माल वर पडलाच पाहिजे: पाचोळा, लाकडाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा. सूक्ष्मजीवांना नायट्रोजनच्या २५ ते ३० पट कार्बन लागतो. ओल्या सालींमध्ये नायट्रोजन भरपूर असतो, कार्बन मुख्यतः सुक्या मालातून येतो. विरजण म्हणून मूठभर जुनं खत किंवा बागेतली माती पुरते. ते विकत आणायची गरज नाही.

पुढचं सगळं नाक आणि हात सांगतात. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा नाही, ढवळा. अमोनियाचा उग्र दर्प आला तर ओलं जास्त झालंय, सुका माल वाढवा. मूठभर मिश्रण दाबलं की एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये. मांस, दूध, तेलकट उरलंसुरलं यात घालू नये. रोगट झाडंही नकोत, कारण मोठा ढीग ६० अंशांपर्यंत तापतो तसा छोटा डबा तापत नाही, त्यामुळे रोगजंतू मरतीलच असं नाही. काही महिन्यांनी काळसर, भुसभुशीत खत तयार होतं आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. हा वास मातीतल्या जीवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिन नावाच्या रसायनाचा. मला तो वास आला की डबा उघडा ठेवून तिथेच बसून राहावंसं वाटतं.

साफसफाईत एक चुकीची कृती फार पसरली आहे: व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करणं. फेस छान येतो, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना निकामी करतात आणि उरतं जवळजवळ खारट पाणी. ते वेगवेगळे वापरा. पाण्याच्या पांढऱ्या डागांवर आणि किटलीतल्या क्षारांवर व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिड, घासायला सोडा. संगमरवरावर मात्र आम्ल लावू नका, तो दगडच विरघळतो. आणि ब्लीचमध्ये कुठलंही आम्ल कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

स्वयंपाकघरातलं माझं आवडतं काम म्हणजे शेगडी लवकर बंद करणं. पाण्याला उकळी आली की आच कितीही वाढवा, उघड्या भांड्यातलं पाणी त्याहून गरम होत नाही, फक्त वाफ जास्त उडते. म्हणून जे धान्य मंद आचेवर बराच वेळ शिजवायचं, त्याला घट्ट झाकणाच्या भांड्यात खळखळून उकळी आणते, थोडा वेळ तशीच ठेवते आणि मग भांडं जुन्या गोधड्यांनी भरलेल्या खोक्यात सगळ्या बाजूंनी दाबून बसवते. उरलेलं शिजणं धरून ठेवलेल्या उष्णतेवर होतं. भांडं जितकं भरलेलं, तितकी उष्णता जास्त टिकते. मध्येच झाकण उघडायचं नाही. बाहेर काढल्यावर अन्न ६० अंशांच्या खाली गेलं नाही ना, हे मी थर्मामीटरने बघते आणि वाढण्याआधी पुन्हा एक उकळी देते.