घटक कोणता धरायचा?

शाळेच्या आठवणी लिहायच्या म्हटल्यावर स्नेहसंमेलन, खो-खोची ढाल, सहलीतला पाऊस यांवर बाकीचे लिहितीलच. मी भूगोलाच्या तासाबद्दल लिहितो. त्यातही एकाच धड्याबद्दल: राज्य, राष्ट्र आणि सीमा. पुस्तकात तो जेमतेम दोन पानांचा होता. सरांनी तो आठवडाभर लावून धरला.

त्याला कारणही होते. आपला चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तेवढा वगळून कोल्हापूरला जोडला. पण आमचा बाजार, दवाखाना, लग्नाचा बस्ता सगळे बेळगावलाच राहिले. कोल्हापूर म्हणजे कोर्टकचेरीसाठी जायचे गाव. सीमावादावरून वातावरण तापले की एसटी शिनोळीच्या पुढे जात नसे, आणि पलीकडच्या मामाकडचे कार्य चुकायचे. त्यामुळे ‘सीमा’ हा शब्द आम्हाला कोणी फोड करून सांगावा लागला नाही.

राज्याचे घटक पाठ होतेच: लोकसंख्या, भूप्रदेश, शासन, सार्वभौमत्व. सरांनी विचारले, कोल्हापूर संस्थान राज्य होते का? गादी होती, खजिना होता, वर्ग एकमुखाने हो म्हणाला. मग ब्रिटिश रेसिडेंट कशाला बसला होता, असे विचारून त्यांनी चौथा घटक फळ्यावरून पुसून टाकला. राष्ट्रासाठी त्यांनी कुर्दांचे उदाहरण घेतले. आपण एक आहोत ही भावना त्यांच्यात आहे, पण त्यांचा मुलूख तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया असा चौघांत वाटला गेला आहे. हे दोन तासांत उरकले. उरलेला आठवडा सीमेचा.

भाषेवरून सीमा आखायची तर बहुसंख्या मोजायला घटक कोणता धरायचा, हे दाखवायला सरांनी फळ्यावर बेळगाव जिल्हा तीनदा काढला. पहिल्यात जिल्हा हा घटक: अख्ख्या जिल्ह्यात कन्नड बोलणारे जास्त, म्हणून सगळा एका रंगात. दुसऱ्यात तालुका हा घटक: पश्चिमेचा रंग लगेच बदलला. तिसऱ्यात गाव हा घटक, आणि तिथे दोन रंगांचे ठिपके एकमेकांत असे घुसले की रेघ कुठून न्यावी कळेना. माणसे तीच, भाषा तीच, शिरगणतीही तीच. राज्यपुनर्रचनेसाठी नेमलेल्या फझल अली आयोगाने साधारणपणे जिल्हा हा घटक मानला, आणि चंदगडसाठी मात्र तालुक्यापर्यंत खाली आला. महाराष्ट्राचे म्हणणे पहिल्यापासून वेगळे: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. मग सरांनी १९४७ च्या फाळणीतला पंजाबचा गुरुदासपूर जिल्हा काढला. जिल्ह्यात मुस्लिम थोडेसे जास्त, पण फाळणीची रेघ आखणाऱ्या रॅडक्लिफने तहसिली वेगळ्या केल्या. शकरगढ पाकिस्तानात गेली, उरलेल्या तीन भारतात.

नैसर्गिक सीमांवर सरांचा फारसा विश्वास नव्हता. ताम्रपर्णी घटप्रभेला मिळते, घटप्रभा कर्नाटकात जाऊन हिडकलच्या धरणात अडते. आपल्या डोक्यावरचा पाऊस तिकडच्या उसाला. पाण्याला विचारून कोणी रेघ ओढलेली नाही.

मी पुढे मोजणी खात्यात लागलो. तिथे उमगले की सीमा कागदावर ठरवणे हे एक काम आणि ती जमिनीवर आखणे हे दुसरे, आणि दुसऱ्याला पिढ्या लागू शकतात. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड हललेला असला की तीन गावांचे पंच तीन जागा दाखवतात. देशांचे वेगळे नाही. कूचबिहारच्या बाजूला भारताचे १११ तुकडे बांगलादेशाच्या पोटात होते आणि त्यांचे ५१ आपल्या पोटात. करार १९७४ चा, अदलाबदल ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री. मधली एकेचाळीस वर्षे तिथली माणसे धड कोणाचीच नव्हती. सलगता हा मुद्दा का महत्त्वाचा, हे मला तेव्हा नीट कळले.

त्या आठवड्यातला शेवटचा प्रश्न मात्र वर्गाला रुचला नव्हता. गाव हा घटक धरला तर जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापुरातल्या कन्नड गावांचे काय? आम्ही सगळे सीमाप्रश्नाच्या घोषणा ऐकत वाढलेलो; कोणी उत्तर देईना. एकाने शेवटी ‘ती आपलीच’ म्हटले. ‘का?’ एवढेच विचारून सर थांबले. पुढे याच सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल वाचला, तेव्हा दिसले की हा प्रश्न केवळ फळ्यावरचा नव्हता. २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला, आणि बेळगाव शहर कर्नाटकातच, अशी ती शिफारस. महाराष्ट्राने ती मानली नाही, आणि बेळगावपुरते बोलायचे तर माझ्या मते बरोबरच केले. पण जतच्या बाबतीत सरांना द्यायला माझ्याकडे आजही पटण्याजोगे उत्तर नाही.

२००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. निकाल येईल तेव्हा कोणते गाव कुठे गेले हे लोक आधी शोधतील. मी न्यायालयाने घटक कोणता धरला ते आधी वाचणार.