दुबईचा मामा

“मॅडम, बाबांचा मसाल्याचा पहिला माल थेट दुबईला गेला, कारण तिथे मामा होता,” मशीद बंदरच्या पेढीवर वाढलेली विद्यार्थिनी आज वर्गात सहज म्हणाली आणि माझ्या हातातला खडू थांबला.

फळ्यावर उद्योग परदेशी बाजारात कसा पाऊल टाकतो हे सांगणारे, स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांचे १९७७ चे प्रतिमान (मॉडेल) होते: स्वीडिश कंपन्यांच्या अनुभवावर बेतलेले, ज्यात उद्योग आधी ओळखीच्या वाटणाऱ्या देशांत शिरतो आणि शिकत शिकत दूर जातो.

त्याच्या कर्त्यांनीच २००९ मध्ये नातेसंबंधांच्या जाळ्याला केंद्रस्थानी आणले, हे मी सांगितलेही. पण तो मामा मनातून जाईना. प्रबंधांसाठी आम्ही अजूनही शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे अहवाल चाळतो (आकडे आयते मिळतात, हे खरे कारण), आणि जिथे घर व धंदा वेगळे काढता येत नाहीत, त्या पेढीची पायरी मात्र चढत नाही.

मामाला कोणत्या रकान्यात बसवायचे?