तुम्ही विचारलंत म्हणून: सर्वांत जास्त लाभांश देणारा शेअर कोणता?

दीर्घ मुदतीसाठी घेऊन ठेवायचा आहे, तर सर्वांत जास्त लाभांश देणारा शेअर कोणता, असे मला वरचेवर विचारले जाते. मी नाव सांगत नाही, त्यामुळे विचारणारा बहुधा हिरमुसतो. पण मुळात ही कसोटीच मला धोक्याची वाटते.

डिव्हिडंड यील्ड म्हणजे वर्षभरातल्या लाभांशाला शेअरच्या आजच्या भावाने भागून येणारी टक्केवारी. ती लाभांश वाढल्याने वाढते, तशी भाव कोसळल्यानेही वाढते. 100 च्या भावावर 4 मिळत असताना भाव 50 वर आला, तर कंपनीने एक छदामही जास्त न देता यील्ड 4 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर जाते आणि जास्त लाभांशाच्या यादीत ती कंपनी एकदम वर चढते. भाव निम्मा झालेला असतो तो पुष्कळदा हा लाभांश टिकणार नाही या शंकेनेच, आणि मागच्या वर्षीच्या लाभांशावरून काढलेल्या टक्केवारीत ती शंका कुठेही दिसत नाही. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने 1938 नंतर प्रथमच, फेब्रुवारी 2009 मध्ये, शेअरमागचा तिमाही लाभांश 31 सेंटवरून 10 सेंटवर आणला. पुढे तो 24 सेंटपर्यंत सावरला खरा, पण 2017 मध्ये पुन्हा निम्मा झाला आणि 2018 मध्ये अवघा 1 सेंट उरला.

म्हणून मी आधी रोख प्रवाहाचे विवरणपत्र उघडतो. धंद्यातून प्रत्यक्ष आलेल्या रोख रकमेतून यंत्रसामग्री आणि विस्तारावरचा खर्च वजा केल्यावर जे उरते, त्यातून लाभांश भागतो का, हे सलग काही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की लगेच कळते. भागत नसेल, तर ती रक्कम कर्जातून, साठलेल्या शिलकीतून किंवा मालमत्ता विकून येत असते, आणि हे फार काळ चालत नाही. नफ्यातला किती हिस्सा वाटला जातो तेही पाहावे, मात्र धंदा ओळखून: साबण विकणाऱ्या कंपनीला नफ्याच्या 60 टक्के वाटणे सहज झेपते, तर खाणकाम कंपनीला तेच प्रमाण मंदीच्या पहिल्याच वर्षी जड जाऊ शकते.

दुसरे, लाभांश वाढतो आहे का. प्रख्यात गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीने आज तिच्याकडे असलेल्या कोका-कोलाच्या 40 कोटी शेअरची खरेदी 1994 मध्ये पूर्ण केली. एकूण खर्च 130 कोटी डॉलर. त्या वर्षी लाभांश आला 7.5 कोटी डॉलर, म्हणजे जेमतेम पावणेसहा टक्के. 2022 मध्ये त्याच शेअरवर 70.4 कोटी आले. (ज्या बर्कशायरला हे मिळाले, तिने स्वतः बफे यांच्या कारकिर्दीत एकदाच, 1967 मध्ये, लाभांश दिला. नफा धंद्यातच अधिक चांगला वापरता येत असेल, तर तो न वाटणेच भागधारकाच्या हिताचे असते.) अर्थात खरेदीच्या किमतीवर वर्षाला 54 टक्के मिळाले म्हणून तो शेअर आज स्वस्त ठरत नाही, ठेवायचा की विकायचा, हे आजच्या भावावरच ठरवावे लागते.

लाभांश फुकट मिळतो, हा समजही सोडावा. एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही त्या दिवशी, शेअरचा भाव साधारण लाभांशाइतका खाली उघडतो, त्यामुळे आदल्या दिवशी धावत जाऊन खरेदी करण्यात कर भरण्याखेरीज फारसे काही पदरात पडत नाही. तरीही लाभांश देणारे शेअर घेऊन ठेवण्याचा मार्ग मला आवडतो, कारण हिशेबातला नफा फुगवून दाखवता येतो, पण लाभांशाची रक्कम खरोखर खात्यातून द्यावी लागते. शिवाय ती खर्चाला नको असेल आणि पुन्हा त्याच शेअरमध्ये घातली, तर पडत्या बाजारात तेवढ्याच पैशांत जास्त शेअर येतात.

ज्यांना मात्र घरखर्च लाभांशावरच चालवायचा आहे, त्यांनी एकाच उद्योगावर विसंबू नये. कपात पुष्कळदा एकट्यादुकट्या कंपनीत होत नाही: 2020 मध्ये शेल या तेल कंपनीने एप्रिलअखेर तिमाही लाभांश 47 सेंटवरून 16 सेंटवर आणला, आणि ऑगस्टमध्ये बीपी या दुसऱ्या तेल कंपनीने आपला 10.5 सेंटवरून 5.25 सेंटवर.