जोन हिक्सन: छोट्या भूमिकांची ५७ वर्षं आणि मग मिस मार्पल

ब्रिटिश अभिनेत्री जोन हिक्सन म्हटलं की सगळे थेट मिस मार्पलवर, म्हणजे रहस्यकथालेखिका ॲगाथा ख्रिस्तीच्या खून उकलणाऱ्या म्हातारीवर येतात. बीबीसीची मालिका, डोक्यावर हॅट, हातात विणकाम, सेंट मेरी मीड नावाचं शांत खेडं. साहजिकच आहे. पण २६ डिसेंबर १९८४ ला त्या मालिकेचा पहिला भाग लागला, तेव्हा हिक्सनबाई ७८ वर्षांच्या होत्या आणि रंगभूमीवर पाऊल ठेवून त्यांना ५७ वर्षं झाली होती. इतक्या उशिरा नशीब उघडलं असं म्हणून ही गोष्ट बरेचदा सांगितली जाते. मला ते पटत नाही. त्यांची मार्पल इतकी अस्सल वाटते ती आधीच्या ५७ वर्षांमुळेच. मोलकरणी, घरमालकिणी, नर्सा, सासवा, शेजारणी असं सगळं करताना जे हातात बसलं, त्यातूनच ती उभी राहिली. म्हणून आधी त्या कामाकडे नीट बघू.

जन्म ५ ऑगस्ट १९०६ चा, नॉर्दॅम्प्टनला लागून असलेल्या किंग्सथॉर्पचा. शिक्षण लंडनच्या राडा या नाट्यसंस्थेत. १९२७ मध्ये एका फिरत्या नाटकातून सुरुवात, मग लंडन, आणि ऑक्सफर्डच्या रेपर्टरी कंपनीतलं, म्हणजे एकाच गावात राहून एकामागून एक नाटकं करणाऱ्या मंडळीतलं काम. ही रेपर्टरी पद्धत समजून घेतल्याशिवाय त्या पिढीचे ब्रिटिश नट कळत नाहीत.

बहुतेक गावांत दर आठवड्याला नवं नाटक लागायचं. सोमवारी रात्री पहिला प्रयोग. मंगळवारी सकाळी त्याच नटांच्या हातात पुढच्या आठवड्याची संहिता. त्या दिवशी पहिल्या अंकाच्या हालचाली बसवायच्या, बुधवारी दुसऱ्या, गुरुवारी तिसऱ्या, उरलेल्या दिवसांत सलग तालमी. आणि रोज रात्री चालू नाटकाचा प्रयोग, शिवाय दुपारचे खेळ वेगळे. पाठांतर रात्री घरी गेल्यावर. आधुनिक वेशातलं नाटक असेल तर कपडेही बहुतेक वेळा नटाचे स्वतःचेच. या पद्धतीत बिघडायचं काय, तर वेळ नसल्यामुळे नट ठरावीक साच्यांवर जायचे. म्हातारी आली की कंबर वाकवायची, मोलकरीण आली की नाक ओढायचं. चांगले नट यातून वेगळी वाट काढायचे. माणसाची एकच गोष्ट पकडायची, मग ती चालण्याचा वेग असो की पिशवी धरायची पद्धत, आणि बाकी सगळं संवादावर सोडायचं. हिक्सनबाईंच्या पुढच्या सगळ्या कामात ही काटकसर दिसते.

चित्रपट १९३४ पासून. ब्रिटनमध्ये नटांची एक मोठी सोय अशी की स्टुडिओ लंडनच्या आसपासच होते: पाइनवुड, डेनम, शेपर्टन, एल्स्ट्री. पहाटे गाडीने जायचं, दिवसभर चित्रीकरण, संध्याकाळी परत येऊन वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या नाट्यगृहांच्या भागात प्रयोग. त्यामुळे रंगभूमी की पडदा, असा प्रश्न चरित्र भूमिका करणाऱ्यांना फारसा पडलाच नाही. एका वर्षात दोन-तीन सिनेमांमध्ये दोन-दोन प्रवेश आणि एखादं नाटक, असं त्यांचं गणित बसायचं.

अशा छोट्या भूमिकेत कस कुठे लागतो? तुमचा प्रवेश दीड मिनिटाचा असतो. प्रेक्षकाला तुमचं नाव माहीत नसतं, पूर्वकथा नसते. दारातून आत येता येताच ही बाई कोण, या घरात किती वर्षं आहे, समोरच्याशी तिचं बरं आहे की नाही, हे कळायला हवं. आणि एवढं करून प्रवेश मुख्य नटाचाच राहायला हवा. नवखा नट इथे हमखास चुकतो: लक्षात राहावं म्हणून भुवया, हात, खोकला, जे जमेल ते भरतो. मग संकलकाला त्याच्यावर कट करता येत नाही, कारण मुख्य नटाच्या वाक्यावरून इकडे आलं की चित्रात अचानक गडबड दिसते. तो शॉट गाळला जातो. जो शांतपणे ऐकतो, त्याचा चेहरा मात्र संकलकाला पुन्हा पुन्हा उपयोगी पडतो. मोठं वाक्य तोडायला, घेतलेल्या दोन वेगळ्या टेक जोडायला, विनोदानंतर श्वास घ्यायला. पडद्यावर नीट ऐकू शकणाऱ्या नटाला न मागता जागा मिळते ती अशी.

दिग्दर्शक बोल्टिंग बंधूंचा १९५० चा ‘सेव्हन डेज टु नून’ बघा. हिक्सनबाई त्यात खोल्या भाड्याने देणारी मिसेस पेकेट आहेत. सिगारेट सुटत नाही, अवतीभवती मांजरं. कथानक आहे लंडन उडवून देण्याची धमकी देणाऱ्या शास्त्रज्ञाचं. त्यात ही बाई किती वेळ असते! तरीही त्या काळातलं लंडनचं एक अख्खं जुनाट घर तिच्यामुळे डोळ्यांपुढे राहतं. पुढे ‘कॅरी ऑन’ या विनोदी मालिकेतल्या पाच चित्रपटांत त्या दिसल्या, त्यातल्या ‘कॅरी ऑन नर्स’मध्ये वॉर्डची सिस्टर म्हणून. तिथेही आजूबाजूला धांगडधिंगा चालू असताना त्या अगदी सरळ खेळतात. रुग्णांचा आचरटपणा त्यांच्या कोऱ्या चेहऱ्यामुळे जास्त हसवतो.

ॲगाथा ख्रिस्तीशी गाठ मात्र फार आधीपासूनची. १९३७ च्या ‘लव्ह फ्रॉम अ स्ट्रेंजर’ या ख्रिस्तीच्या कथेवरच्या चित्रपटात त्या मोलकरीण होत्या. १९४५ मध्ये ‘अपॉइंटमेंट विथ डेथ’ या नाटकात त्यांचं काम बघून ख्रिस्तीबाईंनी त्यांना चिठ्ठी लिहिली: कधीतरी तुम्ही माझी मिस मार्पल कराल अशी आशा आहे. तेव्हा हिक्सनबाई चाळिशीच्या आतबाहेर होत्या. मग १९६१ मध्ये ‘मर्डर, शी सेड’ आला. मार्गारेट रदरफर्ड मिस मार्पल, आणि हिक्सनबाई त्याच घरातल्या कामवाल्या मिसेस किडर! १९८७ मध्ये हीच कथा ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ या मूळ नावाने बीबीसीने केली, तेव्हा मार्पल त्या स्वतः होत्या. दोन्ही एकापाठोपाठ एक बघण्यासारखे आहेत. रदरफर्ड अवाढव्य, हनुवटी पुढे काढून खोलीचा ताबा घेणाऱ्या. त्या चित्रपटाची गंमत त्यातच आहे. हिक्सनबाईंची मार्पल खोलीत येते तेव्हा बोलणाऱ्यांचं बोलणं थांबतही नाही.

रंगभूमीवरची त्यांची दोन कामं त्यांच्या कलेचं मर्म दाखवतात. पहिलं पीटर निकोल्स यांचं ‘अ डे इन द डेथ ऑफ जो एग’, ग्लासगोच्या सिटिझन्स थिएटरमध्ये १९६७ ला उघडलेलं. गंभीर अपंगत्व असलेल्या मुलीचे आईबाप स्वतःला सावरायला विनोदाचा आधार घेतात, असं ते नाटक. त्यात हिक्सनबाई नवऱ्याची आई ग्रेस. ती दुसऱ्या अंकात येते, म्हणजे प्रेक्षक त्या जोडप्याच्या बोलण्याला चांगले सरावल्यावर. अशी उशिराची एंट्री अवघड असते. नाटकाचा सूर आधीच लागलेला असतो आणि तो न मोडता नवं काहीतरी आणायचं असतं. ग्रेसने जाणूनबुजून दुष्टपणा केला तर नाटक सपाट होतं. तिला आपलं काही चुकतंय याची कल्पनाच नसली पाहिजे. ही भूमिका त्यांनी १९६८ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आणि नंतर ॲलन बेट्स आणि जॅनेट सझमन यांच्याबरोबर चित्रपटातही केली, जो १९७२ ला प्रदर्शित झाला. त्यांचं रंगमंचावरचं काम कसं असेल याचा अंदाज घ्यायला हा चित्रपट बरा.

दुसरं ॲलन एकबर्न यांचं ‘बेडरूम फार्स’, नॅशनल थिएटर, १९७७. रंगमंचावर शेजारी शेजारी तीन शयनगृहं, प्रकाश जिथे जाईल तिथे नाटक चालू. डीलिया आणि अर्नेस्ट हे वयस्क जोडपं लग्नाच्या वाढदिवसाचं बिघडलेलं जेवण आटोपून घरी येतं आणि अंथरुणात बसून टोस्टवर पिल्चर्ड मासे खातं. वाचायला सोपं आहे, करायला नाही. टोस्ट कोरडा असेल तर तोंडात फिरत राहतो आणि वाक्य अडकतं. घास मोठा घेतला तर प्रेक्षकांना शब्द कळत नाही, अगदी छोटा घेतला तर खाणं खोटं दिसतं. घास गिळून व्हायचा तो हशाच्या भरात. हशा उतरायला लागला, पण पूर्ण विरला नाही, अशा वेळी पुढचं वाक्य यायला हवं. हशा रोज सारखा नसतो, त्यामुळे चावण्याचा वेगही रोज बदलतो. शिवाय नाटक शेजारच्या खोलीत गेलं की पलंगावर गप्प राहायचं. तिथे अंग हललं तरी प्रेक्षकांचं लक्ष फुटतं. १९७९ मध्ये ब्रॉडवेवर या भूमिकेसाठी हिक्सनबाईंना अमेरिकी रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला, आणि अर्नेस्ट झालेल्या मायकेल गॉफ यांनाही. त्या वेळी त्या ७२ वर्षांच्या होत्या. हा पुरस्कारही सहायक भूमिकेचाच, हे मुद्दाम सांगायला हवं.

मग मार्पल. १९८४ ते १९९२ या काळात बीबीसीने ख्रिस्तीच्या मार्पलच्या बाराच्या बारा कादंबऱ्या केल्या आणि सगळ्यांत त्याच आहेत. पहिली ‘द बॉडी इन द लायब्ररी’, शेवटची ‘द मिरर क्रॅक्ड’, तेव्हा वय ८६. हॅम्पशरमधलं नेदर वॉलप हे खेडं सेंट मेरी मीड म्हणून वापरलं. १९८५ च्या ‘द मूव्हिंग फिंगर’चे दिग्दर्शक होते रॉय बोल्टिंग, म्हणजे पस्तीस वर्षांपूर्वी त्यांना मिसेस पेकेटची भूमिका देणाऱ्या भावांपैकीच एक.

मार्पल हे पात्र मुळात काय आहे? जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही अशी म्हातारी बाई, आणि म्हणूनच तिच्यासमोर लोक नको ते बोलून जातात. आयुष्यभर नायिका केलेल्या नटीला हे अवघड जातं, कारण कॅमेरा आपल्याकडे वळण्याची तिला सवय असते. हिक्सनबाईंना उलट सवय होती. प्रवेश दुसऱ्याचा आहे हे धरूनच त्या बसतात. ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’मध्ये डोरा बनर झालेल्या रेने ॲशरसन घाबरून, भरकटत बोलत असतात तेव्हा हिक्सनबाईंकडे बघा. मान किंचित कललेली, हात मांडीवर किंवा पिशवीवर, फिकट निळे डोळे समोरच्यावर स्थिर. मान हलवून होकार नाही, चेहऱ्यावर ‘सापडलं!’ असा भाव नाही. एखाद्या शब्दाला पापणी जरा उशिरा लवते, बास. त्यामुळे धागा नेमका कुठे मिळाला हे आपल्याला पुढे उलगडतं आणि रहस्य टिकतं. इथे चेहऱ्याने जास्त सांगितलं असतं तर अर्ध्यातच खुनी कळला असता.

विणकामाचंही तसंच. पडद्यावर विणणं म्हणजे सातत्याची डोकेदुखी: वाइड शॉटमध्ये सुई कुठल्या शब्दाला वळली, क्लोजअपमध्येही तिथेच वळायला हवी, आणि दुपारी घेतलेल्या शॉटमध्ये विणलेला तुकडा सकाळपेक्षा लांब दिसता कामा नये. नाहीतर संकलनात जोड बसत नाही. ज्या नटाचे हात अनेक वर्षं प्रॉपर्टी, म्हणजे प्रवेशातल्या वस्तू हाताळून मुरलेत, त्याचं लक्ष या सगळ्यात अडकत नाही. ते ऐकण्याकडे मोकळं राहतं.

आणि त्यांची मार्पल गोड नाही, हे मला सर्वांत आवडतं. इन्स्पेक्टर स्लॅक झालेल्या डेव्हिड हॉरोविच यांच्याशी बोलताना तिच्या सौजन्यात बारीक कठोरपणा असतो. शेवटी खुन्याबद्दल बोलताना आवाज वर जात नाही, उलट खाली येतो. तिला दुष्टपणाचं आश्चर्य वाटत नाही, पण ती तो माफही करत नाही.

पहिल्यांदाच बघणार असाल तर १९८४ ची ‘द बॉडी इन द लायब्ररी’ आणि १९८५ ची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ आधी घ्या. दोन्ही तीन-तीन भागांच्या आहेत आणि कथेला श्वास घ्यायला जागा आहे. त्यानंतर ‘नेमेसिस’. ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ एकाच लांब भागात बसवली आहे, त्यामुळे जरा घाईची वाटते. मग उलट मागे जा: १९८१ च्या बीबीसीच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधल्या त्यांच्या मिस हॅविशॅम, ‘जो एग’, ‘सेव्हन डेज टु नून’. मिसेस पेकेटच्या प्रवेशात आवाज बंद करून फक्त त्यांचे हात बघा, आणि लगेच मार्पलचा चहाचा एखादा प्रवेश तसाच बघा.